घड्याळजीच्या मशीनवरची बाई

घड्याळजी : कडेला धरा, कडेला! बोटं खाचांना लागता कामा नयेत.

मावशी : अहो, माझाच आवाज आहे त्यात.

घड्याळजी : आवाज तुमचा, बाई. तबकडी माझी. दोन तळव्यांच्या मध्ये घ्या. हां, अशी.

भाची : मावशी, दे इकडे. हल्ली तुझ्या हातून कपसुद्धा सुटतात.

मावशी : कप सुटतात, कारण तू त्यांना साबण तसाच ठेवतेस. घ्या हो तुमची तबकडी. जन्मभर गाणी केली, गायले, पण गाणं हातात कसं धरायचं ते आज कळलं.

घड्याळजी : रागावू नका. तुम्ही माझ्या दुकानात उभ्या आहात हेच मला अजून खरं वाटत नाहीये. त्यात तुमच्या हातात तुमचीच तबकडी. दोन्ही एकदम पडायला लागलं तर मी धरू कुणाला?

भाची : मावशीला धरा, काका. तिची दुसरी प्रत निघालेली नाही.

मावशी : ऐका! ही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. लहानपणी फार गरीब होती.

भाची : काका, पण एक सांगा. आम्ही आलो तेव्हा तुम्ही डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसला होतात. मावशी दारातून नुसतं ‘आत येऊ का’ म्हणाली, आणि तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘बाई, तुम्ही?’ ते कसं?

घड्याळजी : आवाजावरून. त्यात काय एवढं?

मावशी : पुरे हो. खोटं बोलायचं तर जरा बेतानं. माझा आवाज आता कुण्णाला ओळखू येत नाही. परवा हिच्या आईनं फोन केला, मी उचलला, तर मला म्हणते, ‘भाऊजी, ताई आहे का घरात?’ सख्खी बहीण!

भाची : आई फार खजील झाली नंतर.

मावशी : ती खजील झाली आणि आमचे हे दिवसभर हसत होते. बरं, ते राहू दे. घड्याळजी, ही सगळी भिंत माझ्याच रेकॉर्डांची?

घड्याळजी : ही भिंत. थोड्या पलंगाखाली आहेत. आणि तो लोखंडी पत्रा दिसतो ना, त्याच्यामागे जास्तीच्या.

भाची : पण एकाच रेकॉर्डच्या एवढ्या प्रती कशाला?

घड्याळजी : मी मुद्दाम शोधत नाही हो. पट्टे, काटे, जुनी घड्याळं बघायला जुन्या बाजारात जावंच लागतं. तिथं काय असतं? फुटक्या बश्या, बिनदांड्याच्या छत्र्या, आणि त्यांच्यामध्ये यांचा चेहरा. बघवत नाही. उचलून आणतो. ही बघा, हिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला. बरोब्बर कपाळावर गोल.

मावशी : शोभतोय की! फोटोवाल्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

भाची : आणि हिच्यावर लिहिलंय, ‘प्रिय वहिनीस, आपले भांडण मिटले त्याबद्दल.’

मावशी : आणि वहिनीनं ती नेऊन घातली भंगारात. म्हणजे मिटलं नव्हतं.

भाची : काकू काही बोलत नाहीत तुम्हाला, एवढ्या जमवता म्हणून?

घड्याळजी : बोलते ना. म्हणते, सवत आणली असतीत तर एका खोलीत भागलं असतं. पण संध्याकाळी मी दुकानाची फळी लावली, की तीच विचारणार, आज लावायची नाही का? आत्ता बाजारात गेलीये. येईल एवढ्यात. तुम्हाला बघून दारातच बसकण मारेल.

मावशी : मग तिला भेटूनच जाऊ. पण आधी कामाचं बोलते. तुमच्याकडे माझ्या रेकॉर्ड आहेत असं कळलं, म्हणून आलोय. मला यातली एक तबकडी हवी. चार दिवसांसाठी. माझ्याकडे माझी एकही उरलेली नाही. ‘ऐकून देतो’ म्हणून लोक घेऊन गेले, ते अजून ऐकतायत.

घड्याळजी : चार दिवस? घराबाहेर?

भाची : मावशी, मी तुला सांगितलंय, मला नकोय.

मावशी : तू गप्प बस. असं आहे घड्याळजी, पुष्कळ वर्षांनी मला गाणी सुचली. चांगली झालीत, मी स्वतः सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला अजून ऐकलेलीच नाहीत. परवा त्यांचं रेकॉर्डिंग आहे. स्टुडिओ ठरलाय, पेटीवाला ठरलाय. गाणार ही.

भाची : गाणार नाहीये.

मावशी : गाणार ही. माझा गळा पूर्वी कसा फिरायचा, शब्द कुठं टाकायचा, कुठं सोडायचा, ते हिनं ऐकावं आणि तसं उचलावं. म्हणून जुनी रेकॉर्ड हवी.

भाची : काका, तुम्हीच सांगा. गाणी हिची. हिच्या पोटातून आलेली. आणि त्यांच्यावर मी हिची नक्कल करायची? लोक म्हणतील, मावशी जिवंत असताना हिनं दुकान थाटलं.

मावशी : लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. मागच्या वेळी मी ऐकलंय. घड्याळजी, एका कार्यक्रमात मी पहिलं गाणं म्हटलं. पूर्ण म्हटलं. टाळ्याही पडल्या, रीतसर. आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला विचारतायत, ‘या चांगल्या म्हणाल्या हो, पण मूळच्या बाई कधी येणार?’ मी उभी आहे समोर! त्या दिवसापासून तोंड मिटलं. घरात भाजी चिरतानासुद्धा गुणगुणत नाही मी.

भाची : खरंच नाही गुणगुणत. घर कसं सुनं सुनं वाटतं. तिच्या सुना मला फोन करून विचारतात, सासूबाई रागावल्यात का?

घड्याळजी : बाई, एक विनंती करू? तबकडी बाहेर नका नेऊ. इथंच ऐका. हव्या तितक्या वेळा लावतो. तबकड्या वाजवायचं हे मशीन माझ्या स्वतःच्या हातचं आहे. रद्दीवाल्याकडे मोडून पडलं होतं, आणि वर तुमची तबकडी तशीच राहिलेली. दोन्ही उचलून आणलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

मावशी : कोणती होती?

घड्याळजी : ‘पाणी आलं’.

मावशी : अगं बाई! ते? लावा लावा. हिलाही कळू दे तिची मावशी कशी कडाडायची.

घड्याळजी : बसा तिथं. खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. पलंगावर बसा.

(घड्याळजी तबकडीवरून मऊ फडकं फिरवतात आणि सुई टेकवतात.)

तबकडी : पाणी आलं गं, पाणी आलं,
कुणीतरी धावा गं…
भरल्या घरात रिकामी मी,
कुणीतरी धावा गं…

मावशी : थांबवा.

घड्याळजी : अजून पुढचं कडवं…

मावशी : थांबवा आधी! ही मी नव्हे.

घड्याळजी : म्हणजे? कव्हरवर तुमचं नाव आहे, फोटो आहे.

मावशी : शब्द माझे, चाल माझी. पण ही कुणी आजारातून उठलेली बाई गातेय. केवढं रेंगाळतंय ते! आणि पट्टी ऐका. मी काळी चारमध्ये गायचे. पेटीवाला कुरकुर करायचा, ‘बाई, जरा खाली या’, मी ढिम्म हलायची नाही. आणि ही पांढरी चार आहे. तीन सूर खाली! घड्याळजी, तुमचं मशीन मागे पडतंय.

घड्याळजी : काय म्हणालात?

मावशी : मागे पडतंय म्हटलं. हळू चालतंय.

घड्याळजी : बाई, तुम्ही मला काहीही बोला. पण अख्ख्या पेठेची घड्याळं माझ्या हातून जातात. माझ्या घरात काहीही मागे पडत नाही.

भाची : काका, चिडू नका. मोजून बघता येईल का?

घड्याळजी : येईल ना! न यायला काय झालं? हा कागदाचा कपटा चिकटवला कडेला. तुम्ही फेरे मोजा, मी सेकंदकाटा बघतो. मिनिटाला तेहतीस व्हायला हवेत, वर थोडा. चला. सुरू.

मावशी : मोज गं नीट. माझी अब्रू आहे त्यात.

भाची : बोलू नकोस ना, चुकेल… पंचवीस… सव्वीस… सत्तावीस… अठ्ठावीस…

घड्याळजी : झालं मिनिट.

भाची : अठ्ठावीस, काका.

घड्याळजी : परत मोजा.

भाची : परत मोजलं तरी तेच येणार. बघा, कपटा कसा रमतगमत चाललाय.

घड्याळजी : कप्पी.

भाची : काय?

घड्याळजी : मोटरवरची कप्पी. हा पट्टा जिच्यावरून फिरतो ना, ती. मूळची तुटलेली होती, तशी कुठं मिळेना. मी भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळातलं चाक घासूनपुसून तिथं बसवलं. इतकं छान बसलं, की मी आपल्याच पाठीवर थाप मारली. ते जरासं लहान असणार. कप्पी लहान, की तबकडी हळू. लग्नाच्या वर्षापासून हे असंच चाललंय! आणि मी लोकांना सांगतो, तुमचं घड्याळ मागे आहे.

मावशी : अहो, असं तोंड नका करू. मला वाईट वाटायला लागलं.

भाची : पण कधी दुसरीकडे नाही ऐकलंत? रेडिओवर वगैरे?

घड्याळजी : एकदा लागलं होतं रेडिओवर.

भाची : मग?

घड्याळजी : मला वाटलं कुणीतरी यांची नक्कल करतंय. घाईघाईत, गाडी चुकेल अशी. मी बंद केला रेडिओ. आणि वर दोन शिव्या दिल्या.

मावशी : मला?

घड्याळजी : मला काय माहीत तुम्हीच होतात म्हणून!

भाची : मावशी, हसू नकोस इतकी, ठसका लागेल.

मावशी : लागू दे! किती दिवसांनी हसले. अहो घड्याळजी, पण तुम्हाला हे गाणं असं रडकं ऐकून आवडलं तरी कसं? हे तर धमाल गाणं. लोक खुर्च्यांवरून पडायचे.

घड्याळजी : धमाल? बाई, थट्टा करताय का माझी? आमचा संसार या गाण्यानं वाचवलाय.

मावशी : म्हणजे?

घड्याळजी : मी सांगतो. आमचं मूळचं घर मोठं. आई-वडील, भाऊ, वहिन्या, पोरंबाळं, येणारे-जाणारे. ही नवी नवी आलेली. तोंडातून अवाक्षर नाही. मला वाटायचं, चांगली रमलीये. मशीन चालू झालं त्या संध्याकाळी ही डबा घेऊन दुकानात आली होती. मी सुई टेकवली. ‘पाणी आलं गं, पाणी आलं.’ म्हणजे डोळ्यांत. ‘कुणीतरी धावा गं.’ म्हणजे देवाचा धावा मांडलाय. ‘भरल्या घरात रिकामी मी.’ बाई, मी मागे वळून बघतो तर ही पदर तोंडाला लावून रडतेय. तेव्हा मला अक्कल आली. माणसांनी भरलेल्या घरात माझी बायको एकटी पडलीये, हे मला तुमच्या गाण्यानं सांगितलं. पुढच्या महिन्यात आम्ही दुकानामागच्या या खोलीत बिऱ्हाड केलं. अजून इथंच आहोत.

भाची : किती छान, काका.

मावशी : अगं देवा!

भाची : मावशी? अशी काय बघतेस?

मावशी : घड्याळजी, आता कसं सांगू तुम्हाला? ते गाणं बादलीचं आहे हो.

घड्याळजी : कुणाचं?

मावशी : बादलीचं! नळाला पाणी येतं, आणि घरातल्या बायका आधी कुणी भरायचं यावरून भांडत बसतात. कोपऱ्यात बादली रिकामी. ती ओरडतेय, पाणी आलं, पाणी आलं, अगं धावा की कुणीतरी! मी स्टेजवर बादली घेऊन जायचे. वाजवायचे ती.

घड्याळजी : मग ते दुसरं कडवं? ‘कान माझे झिजून गेले, कडी नाही वाजली गं’?

मावशी : बादलीला कान नसतात का? आणि त्यात कडी?

घड्याळजी : मला वाटलं, दाराची कडी. कुणाची तरी वाट बघून बघून कान झिजले.

भाची : अय्या! तसाही लागतो की अर्थ!

घड्याळजी : आणि मागे ती दूरवर घंटा वाजते, ती?

मावशी : घंटा कसली! तीच बादली. मीच बडवतेय पळीनं.

घड्याळजी : एक उपकार करा, बाई. आमच्या हिला हे सांगू नका. पाया पडतो. इतक्या वर्षांनी तिला कळलं, की आपण बादलीसाठी रडत होतो, तर ती या तबकड्यांसकट मला बाहेर काढेल.

मावशी : नाही सांगत. शपथ. पण मशीन तेवढं नीट करा. मला मी ऐकायचीय.

घड्याळजी : करतो. कप्पीला चिकटपट्टीचे वेढे देतो. जाड झाली की पळेल. थांबा, ते भिंग द्या जरा… एक… अजून एक… हा कपटा बघा, धरला वेग. तेहतीस. ऐका आता.

तबकडी : पाणी आलं गं, पाणी आलं,
कुणीतरी धावा गं!
भरल्या घरात रिकामी मी,
कुणीतरी धावा गं!

मावशी : हां! ही! ही बघ, ही मी! ऐक, ‘धावा’वर कशी उडी मारली! लवंगी मिरची होते नुसती.

भाची : बाप रे मावशी, काय गायचीस! हे माझ्याच्यानं सात जन्मात व्हायचं नाही.

मावशी : होईल. दोन दिवस आहेत. काय घड्याळजी, पटलं का आता?

घड्याळजी : छान आहे.

मावशी : नुसतं छान?

घड्याळजी : छान आहे, बाई. खोटं कशाला बोलू? तरतरीत आहे, हुशार आहे. पण माझी या पोरीशी ओळख नाही. आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखं वाटलं. बाई, मी ही चिकटपट्टी काढू?

मावशी : अहो, आत्ता कुठं मशीन बरोबर झालं!

घड्याळजी : मशीन बरोबर झालं. पण तुम्ही मघाशी मला खोटारडा ठरवलंत, ते राहिलंय. दारातून तुम्ही ‘आत येऊ का’ म्हणालात, तो आवाज मी रोज संध्याकाळी ऐकतो. या मशीनवर. मशीन हळू होतं म्हणा, चूक माझी होती म्हणा, पण माझ्या घरात तुम्ही पहिल्यापासून याच आवाजात गाताय. तुम्ही म्हणता आवाज बसला, भाऊजींसारखा झाला. बसला कुठं? आमच्यापर्यंत आला. आमच्या दोघांच्या लेखी तुमचा आवाज म्हातारा झालेलाच नाही. आम्ही याच बाईंना ओळखतो. मला नीट बोलता येत नाही, पण तुम्ही लक्षात घ्या.

भाची : काका, तुम्हाला चांगलंच बोलता येतं.

मावशी : तू डोळे पूस आधी. काजळ पसरलंय.

भाची : तूही पूस.

मावशी : माझं काजळ नाहीये. घड्याळजी, काढा ती चिकटपट्टी.

घड्याळजी : काढली.

मावशी : लावा तुमची ती रेंगाळणारी बाई. जरा बारीक आवाजात लावा. मला तिच्यामागून बघू दे.

तबकडी : पाणी आलं गं, पाणी आलं…

मावशी : पाणी आलं गं, पाणी आलं… कुणीतरी… कुणीतरी धावा गं…

भाची : मावशी, गातेयस तू.

मावशी : थांब ना! … भरल्या घरात… रिकामी मी… कान माझे झिजून गेले, कडी नाही… कडी नाही वाजली गं… अगं, श्वास पुरतोय! बघ, अख्खी ओळ एका दमात गेली. घसा कुठं खरखरला नाही. इथं आवाजाला ओढून वर न्यावं लागत नाही, तो आपला आपण सुरात बसतो.

भाची : मी ऐकतेय. मी काही बोलत नाहीये.

मावशी : आणि शब्द बघ गं कसे आहेत. हसवायला लिहिले होते मी. तेव्हा सासर भरलेलं, मीही नवीन, मीही गप्प. असं आपल्या तोंडानं म्हणायची लाज वाटली असती. म्हणून बादलीच्या तोंडी घातलं आणि लोकांना हसवलं. मलाही वाटलं, झालं, बादलीचंच आहे. आणि इथं ही दोघं खोलीत बसून माझं खरं गाणं ऐकत होती! घड्याळजी, तुम्ही मशीन बिघडवलंत ते फार बरं केलंत हो.

घड्याळजी : बिघडवलं नव्हतं, बाई. दुरुस्त केलं होतं.

मावशी : बरं, दुरुस्त केलंत.

घड्याळजी : मग ती तबकडी न्यायची का? नाही म्हणजे, नेणार असाल तर मी चांगली गुंडाळून देतो. चार दिवस काय, राहू दे तुमच्याकडे. मी म्हणेन हिला, बाई स्वतः घेऊन गेल्या.

मावशी : नको. राहू दे तुमच्या भिंतीवर. संध्याकाळी काय ऐकाल मग? अगं ए, पेटीवाल्याला फोन लाव. त्याला सांग, पट्टी बदललीये. काळी चार नाही, पांढरी चार.

भाची : मावशी, पांढरी चारमध्ये माझा आवाज उतरत नाही गं. माझी पट्टी नाही ती.

मावशी : तुझी पट्टी कोण विचारतंय?